कातळावरचे महाराज

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. ते आपल्या जवळपासचं नव्हतं, एवढं मी आधीच सांगून ठेवतो. नंतर कुणी चौकशीला आलं, तर तुम्हीही तेच सांगा.

साळिंदराचं नाव होतं निवृत्ती. वय बेताचं, भूक चांगली, पाठीवर भरगच्च काटे. बायकोचं नाव गिरजा. दोघं टेकडीच्या पायथ्याशी एका बिळात राहत आणि कंदमुळं खात. पण निवृत्तीचं खरं काम वेगळंच होतं. तो राजाची थट्टा करत असे.

पाणवठ्याशेजारी एक काळा कातळ होता. गव्याएवढा उंच आणि छान गुळगुळीत. निवृत्ती रोज पहाटे तिथे जाई. स्वतःचाच गळालेला एखादा काटा चुनखडीच्या पाण्यात बुडवी आणि कातळावर राजाचं चित्र काढी. हुबेहूब नव्हे. नाक जरा जास्त, पाय जरा कमी, पोट सोयीप्रमाणे. उजाडलं की प्राणी पाण्याला येत. आधी चित्र बघत, मग हसत, मग पाणी पीत. या क्रमाने प्यायलं की पाणी नाकात जात नाही, हे ते अनुभवाने शिकले होते. संध्याकाळी निवृत्ती ओल्या पाल्याने चित्र पुसून टाकी, म्हणजे दुसऱ्या दिवशी जागा मोकळी.

हे काम त्याच्या घरात चार पिढ्या चाललं होतं. सुरुवात पणजोबांनी केली. तेव्हा गादीवर थोरले महाराज होते. त्यांना खाण्याची फार आवड. पणजोबांनी त्यांना चार पायांचा भोपळा करून टाकलं. ही बातमी गुहेपर्यंत गेली आणि महाराज स्वतः चित्र बघायला निघाले. पणजोबांनी घरात निरवानिरव केली, पणजीला दोन शब्द प्रेमाचे सांगितले आणि कातळाशेजारी जाऊन उभे राहिले. महाराजांनी चित्र समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, आणि शेपटी आखूड आली आहे असं म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते राणीसाहेबांना घेऊन आले.

त्यांच्यानंतर मधले महाराज. त्यांना विनोद कळत नसे, पण हसायला फार आवडे. कातळावरचं चित्र बघून ते विचारत, हा गाढव कोण. दरबारी सांगत, नदीपलीकडचा राजा. मग महाराज गडबडा लोळून हसत. निवृत्तीच्या आजोबांचं सगळं आयुष्य त्यामुळे सुखात गेलं.

धाकटे महाराज मात्र तापट निघाले. एका चित्रावरून त्यांनी निवृत्तीच्या वडिलांचा डावा कान तोडला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी नवं चित्र काढलं. त्यात महाराजांच्या तोंडात तो कान होता, आणि गिळायला बेचव, थुंकायला लाज, अशा पेचात ते बसलेले होते. महाराज डरकाळी फोडायला आले. अर्ध्या डरकाळीत त्यांना हसू आलं आणि तीन दिवस उचकी लागली. पुढे जन्मभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण महाराजांनी एकही चित्र चुकवलं नाही. ते वारले तेव्हा अख्ख्या जंगलात सगळ्यात जास्त रडले ते निवृत्तीचे वडील. असं नाक पुन्हा मिळायचं नाही, असं ते म्हणत राहिले.

आता निवृत्तीच्या वाट्याला आले प्रचंडकेसरी महाराज.

प्रचंडकेसरींची आयाळ गवताच्या गंजीएवढी होती. ती पाहूनच जंगलाने राजघराण्यातून त्यांना निवडलं होतं. जवळून मात्र त्यांना फारसं कुणी पाहिलं नव्हतं, कारण शहाणा प्राणी सिंहाला जवळून बघायला जात नाही. बहुतेकांना महाराजांचं तोंड ठाऊक होतं ते कातळावरूनच.

महाराजांना उद्घाटनांचा नाद होता. जी नदी त्यांच्या जन्माआधीपासून वाहत होती, तिचं त्यांनी उद्घाटन केलं. वडाचं केलं. टेकडीचं दोनदा केलं, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. वेल आडवी बांधायची, महाराजांनी ती दातांनी तोडायची, मग भाषण. हरणांना हजेरी सक्तीची. शेवटी उद्घाटन करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा महाराजांनी सूर्योदयाचं उद्घाटन ठरवलं. नेमकं त्या दिवशी त्यांना उठायला उशीर झाला. तोवर सूर्य वर आलेला. मग दरबारातून जाहीर झालं की सकाळपासूनचं ऊन विनापरवाना आहे आणि त्यात कुणी बसू नये.

निवृत्तीने दुसऱ्या दिवशी चित्र काढलं. महाराज वेल तोंडात धरून घोरत आहेत, आणि डोंगराआडून सूर्य अर्धा डोकावून विचारतो आहे, “येऊ का?”

त्या सकाळी एक सांबर हसता हसता पाण्यात पडलं. मगर तिथेच होती. तिलाही इतकं हसू आलं की ते सांबर चालत बाहेर निघून गेलं.

महाराजांनी स्वतः ते चित्र लांबून पाहिलं आणि आयाळ पुरेशी मोठी आली आहे ना, एवढंच विचारलं. प्रकरण तिथेच मिटायचं. पण महाराजांचा चिटणीस हरबा कोल्हा याला काळजी वाटू लागली. महाराज चिडले की चिटणिसाला काम असतं. महाराज न चिडता राहिले तर चिटणीस ठेवायचा कशाला? म्हणून तो महाराजांना म्हणाला की आपलं मन मोठं आहे म्हणून आपल्याला लागलं नाही, पण प्रजेच्या भावना फार दुखावल्या आहेत. महाराजांनी विचारलं, कुठल्या प्रजेच्या? हरबा म्हणाला, ते दुपारपर्यंत कळवतो.

तो गेला तरसांकडे. तरसांनी चित्र पाहिलंच नव्हतं, ते पाण्याला संध्याकाळी उशिरा येत. हरबाने त्यांना चित्राचं वर्णन करून सांगितलं, तर ते हसायलाच लागले. मग त्याने त्यांना आठवण करून दिली की महाराजांच्या जेवणातलं उरलंसुरलं कोणाला मिळतं. त्याबरोबर तरसांच्या भावना दुखावल्या.

त्यांनी मोर्चा काढला. आता तरसाचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? तरस रडला तरी हसल्यासारखा वाटतो. चाळीस तरस हमसून हमसून रडत पाणवठ्यावर आले आणि सगळ्यांना वाटलं की चित्र त्यांना भारीच आवडलं. ससे, मोर, माकडं, सगळी त्यांच्यात सामील झाली. मोर्चा फारच यशस्वी झाला.

हरबाने वैद्यबुवा मुंगसाला बोलावून रीतसर तपासणी करवली. मुंगसाने प्रत्येक तरसाला विचारलं, भावना कुठे दुखते? कुणी गुडघा दाखवला, कुणी बरगडीखाली हात ठेवला. झिपऱ्या नावाच्या तरसाने दाढ दाखवली, ती खरोखरच किडलेली होती. मुंगसाने सगळ्यांना पेज लिहून दिली आणि अहवालात लिहिलं की दुखणं खरं आहे, जागा नक्की नाही.

निवृत्तीला दरबारात हजर होण्याचा हुकूम आला.

गिरजाने त्या सकाळी त्याला दोन कंद जास्त वाढले. ती घाबरली होती, पण तिने तसं दाखवलं नाही. निवृत्तीचं प्रत्येक चित्र आधी बिळातल्या मातीवर निघे आणि ते पाहून गिरजा हसली तरच कातळावर जाई. सूर्याच्या चित्राला ती इतकी हसली होती की तिचे दोन काटे गळले होते. म्हणजे गुन्ह्यात तिचाही हात होताच.

“अहो,” ती दारात म्हणाली, “खरं सांगा. पण थोडंच सांगा.”

दरबारात निवृत्तीचे काटे आपोआप उभे राहत होते आणि तो ते दाबून बसवत होता, कारण उभे काटे उद्धट दिसतात. तरसांनी दुखणी सांगितली. हरबाने कायदा सांगितला, तो त्याने तिथेच बनवला होता. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपण किती उदार आहोत हे अर्धा तास सांगितलं. मग निकाल दिला. चित्रं काढायला कसलीच बंदी नाही. फक्त अतिशयोक्ती चालणार नाही. जे आहे तेच, जेवढं आहे तेवढंच, आणि जे महाराजांचं स्वतःचं आहे तेच काढायचं. मापं सरकारी मोजणीदार घेईल.

जीव वाचला म्हणून निवृत्तीला आनंद झाला. पण लगेच घाम फुटला. हुबेहूब चित्र त्याने आयुष्यात काढलं नव्हतं. घराण्यात कुणीच काढलं नव्हतं.

मोजणीदार होता करकोचा. तो वेलीची दोरी घेऊन आला. आधी त्याने शेपटी मोजली, मग पाय, मग पोट, आणि पोटाचा आकडा जरा हळू सांगितला. शेवटी डोकं मोजायला त्याने दोरी आयाळीभोवती गुंडाळली आणि ओढली. आयाळ निघून हातात आली.

मुलांनो, ती गवताची होती. खाली महाराजांचं डोकं होतं, गुळगुळीत, आणि त्यावर सात केस.

दरबारातले सगळे वर झाडाकडे बघू लागले. झाडावरची माकडं खाली जमिनीकडे बघू लागली. करकोच्याने आयाळ पुन्हा डोक्यावर ठेवली, ती उलटी बसली. निवृत्ती एकटाच महाराजांच्या डोक्याकडे बघत होता आणि त्याच्या मनात एकच प्रश्न होता. गवत हे महाराजांचं स्वतःचं म्हणायचं की नाही?

घरी आल्यावर त्याने गिरजाला विचारलं. तिने विचार करून सांगितलं की गवत कुरणाचं असतं.

दुसऱ्या दिवशी कातळावर महाराज प्रकट झाले. जसे होते तसे. पोट मापाप्रमाणे, पाय मापाप्रमाणे, नाक मापाप्रमाणे, डोक्यावर सात केस मोजून. निवृत्तीने एक रेघ वाढवली नाही की कमी केली नाही. आजवरच्या चार पिढ्यांच्या चित्रांना मिळून जेवढं हसू आलं नव्हतं, तेवढं त्या एका चित्राला आलं. म्हातारी कासवं चीत पडली आणि त्यांना सरळ करायला कुणाच्या अंगात बळ उरलं नाही. निवृत्ती बाजूला उभा राहून म्हणत होता की हसू नका, यात विनोद नाही, मापं सरकारी आहेत. ते ऐकून लोक आणखी हसले.

महाराज आले. त्यांनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हरबाला विचारलं की हे मी आहे का.

हरबा अडचणीत सापडला. नाही म्हणावं तर सरकारी मोजणी खोटी, हो म्हणावं तर महाराज टकले. त्याने कातळाला हात लावून बघितलं आणि सांगितलं की मापं बरोबर आहेत, चित्रकार निर्दोष आहे, पण दगड वाकडा आहे.

तेव्हा कातळाला अटक झाली. हत्तीला बोलावून त्याला कोठडीत हलवायचा प्रयत्न झाला. कातळ हलेना, म्हणून तो जिथे होता तीच जागा कोठडी ठरवण्यात आली. त्याच्यावर सागाच्या पानांचं जाड पांघरूण घातलं आणि समोर दोन तरस पहाऱ्याला बसवले. चित्र पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि आलं असतं तरी सरकारी मापं पुसणार कोण?

अशा रीतीने जंगलात थट्टा बंद झाली. निवृत्ती पहाटे सवयीने जागा होई आणि बिळाच्या तोंडाशी बसून राही. गिरजा म्हणे, झोपा. तो म्हणे, झोपलोच आहे. मातीवर काही काढलं तरी ते दाखवायला जागा नव्हती. आणि जिथे कुणाला दाखवायचं नाही तिथे नाक मोठं काढलं काय आणि छोटं काढलं काय. प्राणी पाण्याला येत, पाणी पीत आणि मुकाट परत जात.

असे चार महिने गेले. उन्हाळा आला. त्या चार महिन्यांत काय झालं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. जंगल राजाचा चेहरा विसरलं. नव्या पाडसांना तर तो माहीतच नव्हता.

महाराजांच्या गुहेजवळचा झरा आटला. हरबा शेजारच्या जंगलात झरे कसे आटतात याच्या अभ्यासदौऱ्यावर गेला होता. तहान लागली म्हणून महाराज स्वतःच पाणवठ्याकडे निघाले. चित्रानंतर त्यांनी आयाळ तिप्पट करून घेतली होती, गवताचे तीन थर आणि वर मोरपिसं. त्या उन्हात ते डुलत डुलत आले. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, गंजी चालत येते आहे.

त्या दिवशी निवृत्ती आणि गिरजाही पाण्यावर आले होते. पाणी कमी झालं होतं म्हणून सगळे रांगेत उभे होते. महाराज रांग सोडून पुढे जाऊ लागले तेव्हा पहाऱ्यावरच्या झिपऱ्या तरसाने त्यांना अडवलं. महाराज म्हणाले, मी राजा आहे. झिपऱ्या म्हणाला की उन्हाळ्यात असं बऱ्याच जणांना होतं, सावलीत बसा. महाराजांनी डरकाळी फोडली, पण घसा सुकलेला, तो खोकला झाला. मागे एक नीलगाय उभी होती. तिला तीन दिवस चारा मिळाला नव्हता. तिने महाराजांच्या आयाळीचा एक घास घेतला, चावून बघितला आणि पुढचा घास घेतला.

झिपऱ्या नेमाने वागणारा होता. महाराजांच्या घरचं उरलंसुरलं खाऊन तो मोठा झाला, पण महाराज उठून गेल्यावरच तो पानावर जाई, आणि दरबारात झाडाकडेच बघत राहिला होता, त्यामुळे त्यानेही त्यांना कधी नीट पाहिलं नव्हतं. तो म्हणाला की सरकारी मापाचं चित्र आमच्या ताब्यात आहे, त्याच्याशी जुळलं तर राजा. पांघरूण काढण्यात आलं. चार महिन्यांनी कातळाने ऊन पाहिलं. सावलीत राहिल्यामुळे चित्र जसंच्या तसं होतं.

सगळ्यांनी चित्राकडे पाहिलं, मग महाराजांकडे पाहिलं. काही जुळेना.

महाराज एकटे उभे होते. मागे नीलगाय चावत होती. त्यांनी रांगेकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे एकालाही आपली भीती वाटत नाही. निवृत्तीने त्यांना ओळखलं होतं. तो पुढे होणार होता, तेवढ्यात महाराजांनी दोन्ही पंजे वर केले आणि आयाळ काढून जमिनीवर ठेवली.

सात केस. झिपऱ्याने मोजले. चित्रातले मोजले. पुन्हा डोक्यावरचे मोजले. मग तो लोटांगण घालून पडला, आणि त्याच्या मागे सगळी रांग. कुणी हसलं नाही.

निवृत्तीने मान वर करून पाहिलं. आजवर त्याने महाराजांना एवढं जवळून फक्त कामासाठी पाहिलं होतं. आयाळ गेल्यावर ते म्हातारे दिसत होते आणि त्यांना तहान लागली होती. पाणी पिऊन झाल्यावर महाराज कातळासमोर आले आणि त्यांनी हळूच विचारलं, “निवृत्ती, नाक खरंच असं आहे का?”

“हो महाराज,” निवृत्ती म्हणाला. “घराण्याचं आहे. धाकट्या महाराजांचंही असंच होतं.”

महाराजांनी नाकाला पंजा लावून पाहिला. मग जाताना त्यांनी आयाळ उचलली नाही, ती नीलगायीने संपवली. आणि जाता जाता त्यांनी सांगितलं की उद्यापासून चित्रं पुन्हा चालू करा.

गोष्ट इथेच थांबली असती तर फार बरं झालं असतं. पण हरबा दौऱ्यावरून परत आला.

हरबाला कळलं की महाराजांना आता थट्टा हवी आहे. मग ती व्यवस्थित नको का व्हायला? त्याने निवृत्तीला राजथट्टाकार नेमलं. रोज एक टोपली रताळी ठरली. राजसेवकाचे काटे कुणाला टोचू नयेत म्हणून त्यांना तेल लावून चापूनचोपून बसवण्यात आलं. उद्याचं चित्र आज दरबारात दाखवायचं, महाराज त्यात सुधारणा सुचवणार. सकाळी सुतार पक्षी तीन टोले मारी आणि सगळ्यांनी हसायचं. पुन्हा तीन टोले पडले की थांबायचं. तरसांना पुढच्या रांगेत बसवलं होतं, कारण त्यांना हे उपजतच येत होतं.

महाराज रोज येत आणि थट्टा नीट होते आहे ना ते बघत. एकदा त्यांनी सांगितलं की काल जरा कमी झाली. एकदा म्हणाले, नाक झालं, आता कानांकडे वळा.

निवृत्ती सुरुवातीला खूश होता. कान तुटायची भीती नाही, घरात रताळी, रस्त्याने जाताना ससे रामराम घालतात. गिरजालाही रताळी आवडत. ती भाजायची, उकडायची, कधी नुसती मांडून ठेवून बघायची. मातीवर चित्र काढून तिला दाखवायची गरज आता उरली नव्हती, कारण हसायचं ते टोल्यावर ठरलेलं होतं. दोन महिन्यांत निवृत्ती दुप्पट जाड झाला.

एक दिवस गिरजा रताळं सोलता सोलता थांबली. ती म्हणाली की तिला बरं वाटत नाही. निवृत्तीने विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, “दोन महिने झाले, मला हसू आलेलं नाही. वैद्यबुवांना दाखवू का?”

निवृत्तीने हातातलं रताळं खाली ठेवलं. तो पाणी प्यायला गेला. पाण्याशी वाकला तर समोरून एक गुबगुबीत, तुकतुकीत रानडुक्कर त्याच्याकडे बघत होतं. तो अदबीने बाजूला झाला. डुक्करही बाजूला झालं. निवृत्तीने मान लववली, डुकरानेही लववली. असं चारपाच वेळा झाल्यावर त्याला कळलं की तिथे दुसरं कुणी नाही.

तो तसाच घरी गेला आणि त्याने मातीवर चित्र काढलं. तेल लावलेला, काटे बसवलेला एक गोल प्राणी, तोंडात रताळं, आणि तो सुतार पक्ष्याला विचारतो आहे, “हसू का?”

गिरजाने चित्र पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग तिला जे हसू सुटलं, ते तिला बसवेना, उभं राहवेना, आणि तिच्या पाठीचे पाच काटे गळले. त्यातलाच एक उचलून निवृत्ती पहाटे कातळाकडे गेला. दरबारात काही दाखवलं नाही.

सकाळी सुतार पक्ष्याने टोले मारायला चोच उचलली, पण त्याआधीच पाणवठा हसला. परतीचे तीन टोले झाले तरी हसू थांबेना. तरस तर खरोखर हसत होते आणि पहिल्यांदाच ते रडल्यासारखे दिसत होते.

त्या दिवशी दुपारीच खटला उभा राहिला. हरबाने सांगितलं की राजसेवकाची विनापरवाना थट्टा झाली आहे. आरोपी, निवृत्ती साळिंदर. फिर्यादी, निवृत्ती साळिंदर. आरोपीने या दगडावर उभं राहायचं, फिर्यादीने त्या. मग निवृत्ती इकडून तिकडे धावू लागला. फिर्यादीच्या दगडावरून त्याने सांगितलं की चित्र पाहून आपल्याला फार लागलं. आरोपीच्या दगडावरून सांगितलं की लागावं म्हणूनच काढलं होतं. हरबाने विचारलं, माफी मागणार का? निवृत्ती धापा टाकत पलीकडे गेला आणि म्हणाला की मागितली तर मी देणार नाही.

महाराज इतका वेळ तोंड पाडून बसले होते, कारण चित्रात ते नव्हते. पण निवृत्ती पाचव्यांदा दगड बदलताना पाय घसरून गोल गोल घरंगळत हरबावर गेला, तेव्हा तेल लावलेले काटे सगळे एकदम उभे राहिले. हरबा ओरडला. महाराजांना हसू फुटलं, टोल्याशिवाय. हसता हसता त्यांना उचकी लागली.

उचकी थांबल्यावर त्यांनी निकाल दिला. राजथट्टाकार हे पद रद्द. रताळी बंद. चित्रं आधी दाखवायची नाहीत. हरबाने विचारलं की मग त्यात काय येईल ते कळणार कसं? महाराज म्हणाले, कातळावर कळेल.

निवृत्ती निघाला तेव्हा महाराज त्याच्या मागोमाग दारापर्यंत आले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी हळूच विचारलं, “उद्याच्या चित्रात मी असेन ना?”

“ते आता सांगता येत नाही, महाराज,” निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता महाराज पाणवठ्यावर आले आणि एका सशाच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला. त्यांनी कातळाकडे पाहिलं. पुढच्याच क्षणी अशी डरकाळी झाली की झाडांवरचे पक्षी उडाले, हरणं चौखूर पळाली, आणि सुतार पक्षी चोच खोडात रुतून तिथेच लटकला. अशी डरकाळी जंगलाने धाकट्या महाराजांनंतर ऐकली नव्हती.

निवृत्ती जिवाच्या आकांताने धावत आला आणि बिळात घुसला. गिरजाने त्याचे दोन्ही कान जागेवर आहेत का ते आधी बघितलं. मग विचारलं, चित्र कसं झालं?

“जमलं,” निवृत्ती धापा टाकत म्हणाला. “ऐकलंस ना?”

तात्पर्य : मुलांनो, राज्यकर्त्यांची थट्टा कधीही करू नये. त्यांचा फक्त आदर करावा. मग चार महिन्यांत ते कुणाला ओळखूही येत नाहीत.